माथ्यावर खोटी खूण ठोकणाऱ्या शेठना

शेठ,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव या पत्रात घालत नाही. घातलं तर लोक एका दुकानाला शिव्या देतील आणि तोच धंदा करणारे बाकीचे निवांत राहतील. तुम्हाला मात्र पहिल्या चार ओळींतच कळेल की हे तुम्हालाच आहे. बसवकल्याणच्या पत्त्यावर तुम्ही कुरिअरनं एक पुडी पाठवली होतीत. वर छापील चिठ्ठी होती, 'एअरक्राफ्ट ग्रेड'. आत पिवळसर सोनेरी मुलाम्याचे छोटे बोल्ट होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर फुलीची खूण. ती खूण कुणी ठोकली, कशानं ठोकली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता मलाही ठाऊक आहे.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन आसनांचं किटचं विमान उभं राहतंय. अशा किटमध्ये पंख, शेपटी, धड यांचे पत्रे येतात आणि त्यांच्यासोबत नंबर घातलेल्या पिशव्यांतून फुटकळ सामान येतं: बोल्ट, नट, वॉशर, रिव्हेट, कॉटर पिना. बघणाऱ्याला पंख दिसतो. बांधणाऱ्याचा जीव त्या पिशव्यांत अडकलेला असतो. एखाद्या सांध्यात एक वॉशर जादा बसला की बोल्ट एक नंबर लांब लागतो. हा नंबर एक अष्टमांश इंचानं पुढे सरकतो, आणि नेमका तोच पिशवीत नसतो. आटे नटाच्या बाहेर किती आले, बोल्टाचा बिनआट्याचा भाग पत्र्यांच्या जाडीला पुरतो का, हे प्रत्येक सांध्यावर बघावं लागतं. आटे भोकात आले की आडवा भार आट्यांवर येतो, आणि आटे तो सोसायला केलेलेच नसतात. कॉटर पिन एकदा वाकवून काढली की संपली, नवीच घालायची. नायलॉनचा नट बोटांनी फिरायला लागला की तो बाद. इंजिनच्या बाजूला तर नायलॉन चालतच नाही, कारण 120 अंश सेल्सिअसच्या पुढे तो टिकत नाही. तिथे सबंध धातूचा अडता नट लागतो. म्हणून घरी विमान बांधणाऱ्याला सुटं सामान सारखं शोधावं लागतं. हातातून निसटलेला एक वॉशर सापडेपर्यंत पंखाचा शेवटचा पत्रा बंद करता येत नाही. तो आत राहिला आणि उड्डाणात नियंत्रणाच्या दांड्याखाली जाऊन अडकला, तर वर आकाशात तो काढायला कुणी येणार नाही.

तर मला हवे होते एएन 3 जातीचे बोल्ट. जाडी तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. परदेशातून मूठभर बोल्ट मागवायचे तर त्यांच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि कस्टमचाच खर्च जास्त. म्हणून आधी गावात शोधले.

आमचं गाव लोखंडाला परकं नाही. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर सस्तापूर बंगल्याच्या बाजूला ट्रकांचं सगळं सामान मिळतं: चाकाचे बोल्ट, पाट्याचा सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, जुन्या चेसीचा हवा तो तुकडा. तिथल्या एका दुकानदारापुढे मी नमुन्याचा बोल्ट ठेवला. त्यानं तो उजेडात धरला, माथ्यावरची खूण पाहिली, आट्यांवरून नख फिरवलं आणि परत माझ्या हातात दिला. "अण्णा, या मापाचं माझ्याकडे मिळेल. पण ते लॉरीचं आहे. विमानाला मी देणार नाही." मी पैसे देत होतो, त्याच्याकडे माल होता, आणि तरी त्यानं दिला नाही. शाळा अर्धवट सोडलेला, दिवसभर ग्रीसमध्ये हात असलेला माणूस. विमानाच्या बोल्टाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला काय ठाऊक नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. शेठ, तुमच्या दुकानात काचेची कपाटं आहेत, संगणकावरचं बिल आहे, आणि त्या माणसाच्या पासंगाला पुरेल एवढीही लाज नाही.

तुमची पुडी आली तेव्हा एक बोल्ट भोकात सोडून पाहिला. तो आपोआप खाली गेला. असला बोल्ट हाताच्या हलक्या दाबानं, किंचित अडत जायला हवा. व्हर्निअर लावलं, 4.6 मिलिमीटर भरलं. आटे जवळजवळ माथ्यापर्यंत कापलेले, बिनआट्याचा भाग नावापुरता. फुली भिंगाखाली पाहिली. खऱ्या बोल्टाच्या माथ्यावर ती घडणीतच आलेली असते, कडा गोलसर आणि सारख्या असतात. तुमच्या फुलीच्या कडेला छिन्नीनं उठलेली बुरी होती आणि मुलामा त्या बुरीवरून गेला होता. म्हणजे बाजारातला साधा बोल्ट घेऊन आधी खूण ठोकली आणि मग रंगवला. हे चुकून होत नाही. त्यासाठी ठोकणारा माणूस, ठोकायचं हत्यार आणि रंगवायची टाकी, तिन्ही लागतात.

मग एक खरा आणि एक तुमचा, दोन्ही व्हाइसमध्ये पोलादी पट्टीत लावले आणि टॉर्क पाना घेतला. या मापाच्या बोल्टाला नेहमीची आवळणी 20 ते 25 इंच-पौंडांची. मी मुद्दाम 40 पर्यंत नेली. खरा बोल्ट ठाम राहिला. तुमच्या बोल्टावर पाना 40 ला पोचलाच नाही, तो नुसता फिरत राहिला. हाताला पोलाद ओढलं जाताना कळत होतं. सोडवून पाहिला तर आट्यांच्या मधोमध गळा बारीक झालेला आणि नट त्या जागी अडलेला. एएन जातीच्या बोल्टाला चौरस इंचामागे किमान 1,25,000 पौंड ताण सोसायचा असतो. तुमचा बोल्ट माझ्या मनगटापुढेच लांबला.

हा बोल्ट कुठे लागणार होता, ते सांगतो. पायलटच्या हातातली काठी पुढेमागे केली की एक दांडा सरकतो, तो दांडा शेपटीतला एलिव्हेटर हलवतो आणि विमानाचं नाक वरखाली होतं. त्या दांड्याच्या टोकाला हाच बोल्ट असतो. तो तुटला की काठी हातात मोकळी फिरते आणि विमान आपल्या मनानं जातं. त्या जागी दुसरा कुठलाही आधार नसतो.

फोनवर तुम्ही म्हणालात, "सर, बोल्ट तो बोल्टच असतो. एवढं कोण बघतं?"

बघतात, शेठ. बघायला पंचावन्न माणसांचा जीव गेला. 8 सप्टेंबर 1989 ला पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर 580 विमान ओस्लोहून हॅम्बुर्गला जात होतं. एका जहाजाच्या नामकरणासाठी निघालेले एका जहाज कंपनीचे लोक त्यात होते. डेन्मार्कजवळ समुद्रावर शेपटी मोडली आणि विमान कोसळलं. एकही वाचला नाही. समुद्रतळावरून अवशेष गोळा करून नॉर्वेच्या तपासकांनी तुकड्यांची परीक्षा केली, तेव्हा शेपटीचा उभा पंख धडाला जोडणाऱ्या बोल्ट-पिनांमध्ये नकली माल निघाला. तोही कुणीतरी विकला होता. त्याच्याही पुडीवर चांगलीच चिठ्ठी असणार.

दुसरी गोष्ट फसवणुकीची नाही, आणि म्हणूनच ती तुम्ही नीट ऐकायला हवी. 10 जून 1990 ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पायलटपुढची काच 17,000 फुटांवर उडून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. विमान साउदॅम्प्टनला उतरेपर्यंत सहकाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. ते वाचले. आदल्या दिवशीच्या कामात काच नव्यानं बसवली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट 0.026 इंचानं बारीक होते, आणि उरलेले सहा आखूड. बसवणारा अनुभवी माणूस होता. त्यानं जुना बोल्ट हातात घेऊन नजरेनं जोड शोधली होती. मिलिमीटरच्या दोन तृतीयांश फरकानं एवढं होतं. त्या माणसाच्या मनात कपट नव्हतं. तुमच्या मनात होतं.

कुणी म्हणेल, सरकार तपासतंच की. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी लागते, परवाना लागतो, माणसं येऊन बघतात. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि त्यानंतरही नोंदणी हातात यायला नोव्हेंबर 2017 उजाडला. परवान्याची वाट किती लांब असते हे त्यांच्या उदाहरणावरून सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पण तपासायला आलेल्या माणसाला बंद सांध्यात काय दिसणार? बोल्टाचं अंग भोकात, आटे नटात. बाहेर उरतो फक्त माथा आणि माथ्यावरची खूण. डोळ्याला पुरावा म्हणून उरते ती तेवढीच, आणि तुम्ही खोटी केलीत ती नेमकी तीच. पोलाद हलकं निघालं असतं तर माल वाईट म्हटलं असतं. खूण ठोकलीत, म्हणून हा गुन्हा आहे.

आणि हे तुम्ही पाठवलंत कुठे, तेही ऐका. हे कल्याणी चालुक्यांचं गाव. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका इथेच लिहिली. वारसाहक्कासाठी तिचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. पण त्याच स्मृतीच्या व्यवहाराध्यायात व्यापाऱ्यांच्या लबाडीचे दंडही आहेत. औषधात, तेलात, मिठात, धान्यात हलका माल मिसळणाऱ्याला वेगळा दंड. आणि माती, चामडं, रत्न, सूत, लोखंड, लाकूड यांतला हलका माल उंची जातीचा म्हणून खपवणाऱ्याला विक्रीच्या किमतीच्या आठपट. त्या यादीत लोखंड नाव घेऊन आलंय, शेठ. नऊशे वर्षांपूर्वी या गावात बसलेल्या पंडितापुढेही तुमचा धंदा नवा नव्हता.

मला आठपट नको. माझे पैसेही परत नकोत. पुडी, चिठ्ठी, बिल आणि तो गळा बारीक झालेला बोल्ट मी वेगळ्या डब्यात सील करून ठेवलाय. तक्रारीसोबत तो जाईल. तुमच्याकडून मला वेगळंच हवंय.

माझ्या आधी आणि माझ्यानंतर हाच माल तुम्ही कुणाकुणाला दिलात, ते तुमच्या त्याच संगणकात आहे. त्यात मायक्रोलाइट बांधणारे असतील, पॉवर्ड पॅराग्लायडर दुरुस्त करणारे असतील, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं असतील, जी या बोल्टावर आपलं पहिलं यंत्र उभं करतायत आणि ज्यांच्याकडे टॉर्क पाना नसेल. मला शंका आली कारण माझ्याजवळ ताडून बघायला खरा बोल्ट होता. ज्यानं खरा कधी पाहिलाच नाही, त्याला तुमची फुलीच खरी वाटणार. त्यातलं एखादं यंत्र या आठवड्यात उडत असेल.

त्यांची नावं मला पाठवू नका. त्यांना तुम्ही स्वतः फोन करा. बिलावरची तारीख आणि मालाचा नंबर सांगा, तो बोल्ट काढायला सांगा, आणि काढेपर्यंत यंत्र जमिनीवरून उचलायचं नाही हे दोनदा सांगा. कशाला काढायचा, असं विचारतील. खरं कारण सांगा. फोन लागला नाही तर परत लावा. ज्याचा लागतच नाही त्याला पत्र टाका. उरलेला माल लेथवाल्याकडून माथे कापून भंगारात घाला, म्हणजे दुसरं कुणी तो पुन्हा पुडीत भरणार नाही. आणि ते खूण ठोकायचं हत्यार मोडा.

सुरुवात उद्यावर ढकलू नका. दुकान उघडलंत की पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी पहिला फोन लावा.

बसवकल्याणहून,
तुमची पुडी उघडून पाहिलेला एक विमान बांधणारा