सोमवार-गुरुवारवाले

पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही जिममध्ये सकाळी सातला डोकवा, हे काका असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात कुठल्याशा पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा टीशर्ट, खांद्यावर पंचा, हातात बँकेनं फुकट दिलेली डायरी. बाकावर पंचा अंथरतात, रिकाम्या 20 किलोच्या बारनं अंग मोकळं करतात आणि कामाला लागतात. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, डेडलिफ्ट. प्रत्येकी तीन सेट. पाऊण तासात प्लेटा जागेवर, डायरी बगलेत, काका घरी. सोमवारी हेच, गुरुवारी हेच. गेल्या वर्षीही हेच.

ट्रेनरला हा माणूस बघवत नाही. "काका, रूटीन बदला. बॉडीला शॉक द्यायला हवा," तो सुचवतो.

"लाइटबिल देतंय की दर महिन्याला," काका म्हणतात आणि पुढचा सेट घेतात.

आता, काका इथे हौसेनं आलेले नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी एचबीएवनसी 6.1 निघाली, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. चालायला तर सगळेच सांगतात, आणि निम्मं गाव टेकडीवर जाऊन मिसळ खाऊन परततं. पण तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू झडतात, आणि जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर रिचवायची ती मुख्यतः याच स्नायूंनी. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यायला सांगते. लोक पहिला आकडा वाचून बूट विकत घेतात. काकांनी दुसराही वाचला. 'किमान दोन'मध्ये भागत असेल तर तिसरा दिवस कशाला, हा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे केला.

वजन वाढवण्यातही हाच चिकटपणा. तिन्ही सेटमध्ये आठ-आठ वेळा बार कुरकुर न करता वर गेला, की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती. नाही गेला, तर आहे तेच. पितृपक्ष, मार्च एंड, मेहुण्याच्या मुलीचं लग्न, काहीही असो, डायरीत रकाना भरलेला असतो. दरम्यान जानेवारीत त्यांच्याच वयाचा एखादा मित्र येतो. कमरेला पट्टा, हातमोजे, पाच किलोचा प्रोटीनचा डबा, मोबाइलमध्ये बारा आठवड्यांचा कार्यक्रम. तिसऱ्या आठवड्यात खांदा जातो. डबा संपवायला मात्र दिवाळी उजाडते.

मित्रांचा ठरलेला सवाल असतो, "या वयात कशाला?" टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घातलं, हा दाखला दर मराठी घरात देतात, देणारा बहुधा सोफ्यावर आडवा असतो. काका टिळकांपर्यंत जात नाहीत. 1990 साली बॉस्टनमधल्या एका संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, आणि त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, एवढंच ते सांगतात. नव्वदीला अजून अवकाश असल्यानं मित्र निश्चिंत होऊन दुसरी साबुदाणा खिचडी मागवतो.

दंड मोठे झालेत का? फारसे नाहीत. लग्नातल्या फोटोत काका पूर्वीसारखेच दिसतात, आणि ट्रेनरची खरी अडचण हीच आहे: आधी-नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावावेत, तर 'आधी' कुठला ते कळत नाही.

सोसायटीला मात्र बरोबर कळतं. लिफ्ट बंद पडली, की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आधी काकाच आठवतात. भरलेला सिलिंडर टाकीसकट तीसेक किलोचा. तो खांद्यावर टाकून काका वर जातात आणि चहा घेऊन खाली येतात. परवा चौघांनी मिळून लोखंडी कपाट दोन मजले चढवलं. नेमका गुरुवार होता. जिम बुडाली, म्हणून काकांनी संध्याकाळी डायरी उघडली आणि डेडलिफ्टच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: कपाट, एक सेट.