मुसाफिराच्या वाटणीचं पीठ

जग बघायचं ठरलं की आपल्याकडे आधी टूर कंपनीचं माहितीपत्रक उघडलं जातं. आकडा दिसतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. काहीजण कर्ज काढून जातात, आठ दिवसांत पाच देश उरकतात आणि पुढे दोन वर्षं हप्ते भरत बसतात. मला हे दोन्ही पटत नाही. जग बघायला पैसा लागतो, पण आपण धरून बसलोय तेवढा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तर हे कुणी सांगायची वेळच येऊ नये.

अजिंठ्याला गेलात तर बारा नंबरच्या लेण्यात जरा थांबा. तिथे चित्रांचा थाट नाही, म्हणून लोक डोकावतात आणि पुढे सरकतात. मधे चौक, तिन्ही बाजूंना चार-चार खोल्या, एकेका खोलीत दोन-दोन दगडी ओटे. चोवीस भिक्षूंच्या झोपण्याची सोय, तीही दोन हजार वर्षांपूर्वीची! एरवी पायी फिरायचं, भिक्षेत मिळेल ते खायचं, पावसाळ्यात एका जागी राहायचं, हा त्यांचा नेम. याच लेण्यातल्या शिलालेखात दान देणाऱ्या एका व्यापाऱ्याची नोंद आहे. म्हणजे फिरणाऱ्याच्या खिशात दमडी नव्हती आणि तरीही त्याला निवारा देणं हे पैसेवाल्याला पुण्याचं काम वाटत होतं.

शहरातही तेच. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच आजचं आपलं शहर. पुढे बुखाऱ्याकडून बाबा शाह मुसाफिर आले. १७१५ साली ते इथेच गेले, पण त्यांच्या तकियावर मध्य आशियातून आलेल्या दर्वेशांचा राबता राहिला. तिथली पाणचक्की आपण शाळेच्या सहलीत बघतो, फोटो काढतो आणि निघतो. ती कशासाठी होती हे किती जणांना ठाऊक आहे? काही किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून चाकाच्या पात्यांवर सोडायचं, त्या जोरावर जातं फिरवायचं आणि निघालेलं पीठ फकिरांना, यात्रेकरूंना, वाटसरूंना द्यायचं. एवढं डोकं, एवढा खर्च कुणासाठी? ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्यासाठी.

मग आपल्याच पोरांना आपण का अडवतो? मनमाडला जा, गोरखपूरची गाडी पकडा, स्लीपरचं तिकीट काढा. गोरखपूरहून शंभरेक किलोमीटर बसने सोनौली. कमान ओलांडली की नेपाळ, आणि तिथून लुंबिनी हाकेच्या अंतरावर. ज्याच्या जन्मकथा अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवल्या आहेत, त्याचं जन्मस्थान. व्हिसा नाही, विमान नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर मात्र तरण्या माणसाला भागवता येत नाही, हे निघण्याआधी लक्षात ठेवा. आपल्या १०० रुपयांना तिथे १६० मिळतात. परदेश म्हणतात तो हाच, आणि तो पगारदार माणसाच्या दिवाळीच्या सुट्टीत बसतो.

तेही जमत नसेल तर आपलं राज्य बघा. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हव्या त्या गावी उतरायचं. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. माहेर आणि देवदर्शन यापलीकडे हे अर्धं तिकीट किती जणी वापरतात? वापरा. मैत्रिणी गोळा करा आणि निघा.

आता येणाऱ्या पाहुण्याकडे वळू. पाठीवर पिशवी लावलेला परदेशी पोरगा मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो. वेरूळला आपल्याला ४० रुपये, त्याला ६००. अजिंठ्याला पुन्हा तेच. तो कुरकुर न करता भरतो. मग स्वस्तातला लॉज शोधायला जातो, तर काउंटरवरून उत्तर येतं, 'फॉरेनर नाही चालत.' कारण काय, तर परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. दहा मिनिटांच्या कामाचा कंटाळा, म्हणून पाहुणा दारातून परत! अशा वेळी तो नाइलाजाने महागड्या हॉटेलात जातो किंवा एक रात्र कमी करून पुढच्या गाडीला बसतो. नुकसान त्याचं कमी, आपलं जास्त. कमी पैशात फिरणारा माणूस जास्त दिवस राहतो, टपरीवर चहा पितो, काळी-पिवळीत बसतो, नान खलिया खातो, गल्लीतल्या दुकानात खरेदी करतो. त्याचा रुपया थेट गावात झिरपतो.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेने आणि पर्यटन खात्याने लॉजवाल्यांना एका दुपारी बोलावून ही ऑनलाइन नोंद करायला शिकवावं. बसस्थानकाजवळ स्वच्छ डॉर्मिटरी, सामान ठेवायला कुलपाचं कपाट, बायकांसाठी धड स्वच्छतागृह आणि संध्याकाळी लेणी बंद झाल्यावर परतीची खात्रीची एसटी. याला पंचतारांकित निधी लागत नाही. लागते ती फक्त, हलक्या खिशाचा माणूसही पाहुणाच असतो, ही जाण. ती या शहराच्या दगडात कोरलेली आहे. कारभारात उतरवायचं काम आपलं आहे.