चोवीस-सत्तावीसचा पान्हा

नोकरीची तेहतीस वर्षं माझं एकच काम होतं : गंगापूर धरणाचं पाणी नाशिकच्या टाक्यांत चढवणं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना साहेब म्हणाले, "यांचा आणि पंपांचा संबंध आज संपला." साहेबांचे अंदाज नोकरीतही असेच असायचे.

सूनबाईचं बाळंतपण झालं. २०१७च्या दुरुस्तीमुळे कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, ती तिला मिळाली. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ घरी आणि पान्हा ऑफिसात, अशी फाळणी झाली. जुन्या फायलींच्या खोलीत, दाराला आतून खुर्ची टेकवून ती दूध काढायची. त्यासाठी रुग्णालयात वापरतात तसला दणकट पंप आणला होता. किंमत ऐकून मी खाली बसलो होतो. नातू वरणभाताला लागला आणि पंप कपाटात गेला. मग तो तिच्या मैत्रिणीने मागून नेला, मैत्रिणीकडून तिच्या नणंदेने. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, हा तर धंदा आहे. फक्त कुणीतरी पंपातलं कळणारं आणि दुपारी मोकळं असलेलं पाहिजे."

घरात तसा एकच माणूस होता.

यंत्र मी त्याच दिवशी समजून घेतलं. निर्वात पोकळी, पडदा, झडप; आमच्या पंपिंग स्टेशनचंच शेंडेफळ. अडचण यंत्राची नव्हती, नावाची होती. 'स्तनपान' हा शब्द सरकारी भिंतीवर चालतो, कारण तो संस्कृतात अंघोळ करून आलेला असतो. घरात आपण 'अंगावर पाजते' म्हणतो, म्हणजे नेमकं काय ते अंगावर घेत नाही. आता जी वस्तू चारचौघांत उच्चारायची नाही, तिची जाहिरात कशी करणार?

आमच्या सौ.ने संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून सुरुवात करायचं ठरवलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटायच्या आणि वाटीत चिठ्ठी. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'बाळंतिणीसाठी दूध काढायचा पंप भाड्याने मिळेल.' सौ. म्हणाली, "अहो, वाट्या घरी जातात. सासरे, दीर वाचतील." तिने शालीनतेची कात्री चालवली. उरलं ते 'पंप भाड्याने मिळेल' आणि माझा मोबाइल नंबर.

रथसप्तमीपर्यंत सत्तर वाट्या गेल्या आणि फोन सुरू झाले. पहिला दिंडोरीहून. "किती एचपीचा हाय?" मी म्हटलं, "एचपी नाही हो, फार लहान आहे." "बरं, किती फुटावरनं उचलतो?" याला काय उत्तर द्यावं? दुसऱ्याची विहीर होती, तिसऱ्याचं तळघर तुंबलं होतं. चौथ्याचा द्राक्षबागेवरचा पंप पाणीच ओढत नव्हता. त्याला मात्र मी वीस मिनिटं दिली. फूट व्हॉल्व्ह गळत होता. संध्याकाळी त्याचा आभाराचा फोन आला. बाळंतीण एकही नाही.

यावर सूनबाईने धंद्याला रीतसर नाव द्यायचं ठरवलं. 'पान्हा'. मोठं गोड नाव. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनात आम्ही टेबल घेतलं. एका बाजूला पापड-कुरडया, दुसऱ्या बाजूला गुडघेदुखीचं तेल, मध्ये आम्ही. वर फलक, 'पान्हा : भाड्याने मिळेल.'

दुपारी एक ग्रीसने माखलेला गृहस्थ आला. "चोवीस-सत्तावीसचा पान्हा आहे का?"

आता पंपाचा जो कप छातीला लावतात, तो मिलिमीटरच्या मापात येतो. आमच्याकडे एकवीस, चोवीस आणि सत्तावीस अशी मापं होती. बायकोसाठी माप काढून आलेला नवरा पाहून सूनबाई गहिवरली. "चोवीस पण आहे, सत्तावीस पण आहे," ती म्हणाली, "पण कप भाड्याने नसतो, विकत घ्यावा लागतो."

"डबल तोंडाचा पाहिजे."

"डबलही आहे. दोन्हीकडून एकदम होतं, निम्मा वेळ वाचतो."

गृहस्थ खूश झाला. तिने डबल कप, नळ्या आणि बाटल्या टेबलावर मांडल्या. त्याने आधी त्या वस्तूकडे पाहिलं, मग फलकाकडे, मग माझ्याकडे. नटबोल्टाच्या जगात एवढा लाजलेला माणूस मी पाहिलेला नाही. तो सरळ पापडाच्या टेबलावर गेला आणि दोन किलो पापड घेऊन गेला.

सासूबाया मात्र येऊन धीटपणे विचारायच्या. त्यांचा प्रश्न एकच, "कुणाकुणाचं उष्टं यंत्र हे?" सूनबाई सांगायची की दूध मोटरपर्यंत जातच नाही, मध्ये पडदा असतो, कप, झडपा, नळ्या प्रत्येकीच्या स्वतःच्या, फक्त मोटर भाड्याची. चेहरे तसेच. शेवटी एका आजींनीच उलगडा केला, "म्हणजे मोटर सोवळ्यात आहे." तेव्हापासून आम्ही तेच सांगतो. शास्त्र जिथे अडकतं तिथे सोवळं पुढे जातं, हे पाणीपुरवठ्यात कुणी शिकवलं नव्हतं.

ऑगस्टच्या १ ते ७ तारखेला जागतिक स्तनपान सप्ताह असतो. एका दवाखान्याच्या कार्यक्रमात आम्हाला कोपरा मिळाला. मी तयारीनिशी गेलो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, हे मी येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवत होतो. एवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. "काका, बाटल्या आधी झाका." १९९२चा कायदा आहे : बाळाच्या दुधाची पावडर आणि पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. आमची बाटली पाजायची नव्हे, दूध साठवायची, असा युक्तिवाद मला सुचला होता; पण जन्म सरकारी नोकरीत गेला, कलम म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. मी बाटल्या टेबलाखाली घेतल्या आणि वर पंचा टाकला. नेमके तेव्हाच आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे हेडमास्तर नातेवाइकाला भेटायला तिथे आले. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात, भर दुपारी, मी टेबलाखाली वाकून पंच्यात बाटल्या लपवतोय, हे दृश्य त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सविस्तर सांगितलं. खुलासा केला तर आणखी हसले. "दूधच होतं ना? सगळे असंच म्हणतात."

गणपतीत सोसायटीच्या मंडळाला आम्ही पाचशे रुपये देणगी दिली, माइकवर नाव पुकारायच्या बोलीवर. चिठ्ठी वाचून सेक्रेटरी अडखळले आणि म्हणाले, "पंपवाल्या काकांकडून पाचशे एक." एक रुपया त्यांनी लाजेपोटी पदरचा घातला असावा. सकाळी चौथ्या मजल्यावरचे दोघं दारात, पाणी चढत नाही म्हणून.

कट्ट्यावर माझं नाव 'पंपवाले' पडलं, ते हेडमास्तरांमुळे. आम्ही दोघं बुद्धिबळ खेळतो. एकदा त्यांना सांगितलं की असल्या पंपाचं पेटंट १९२०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड लास्कर नावाच्या इंजिनिअरने घेतलं होतं आणि तो बुद्धिबळातला मोठा खेळाडू होता. "म्हणूनच तुमचं खेळात लक्ष नसतं," म्हणत त्यांनी माझा उंट मारला.

दिवाळीनंतर एका रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. आवाज इतका खाली की आधी वाटलं, रेंज नाही. "ते... तुमच्याकडचं... ते यंत्र आहे का मोकळं?" मुलगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत, ही घरी. दर दोन-तीन तासांनी दूध काढून पोचवायचं होतं आणि हाताने जमत नव्हतं.

सूनबाईला स्कूटरवर मागे बसवून गेलो. ती आतल्या खोलीत गेली, दार लागलं. हेडमास्तर येरझाऱ्या घालायला लागले. मी पट मांडला. दुसरं काय करणार?

आमच्या पंपाला दोन चाली आहेत. आधी भराभर, हलकी ओढ. दूध यायला लागलं की बटण दाबायचं, मग संथ आणि लांब. भिंतीपलीकडून भराभर चाललेली घरघर ऐकू येत होती. मोटर हवा खातेय की पाणी ओढतेय, हे मी तेहतीस वर्षं कानाने ओळखत आलोय. पाच मिनिटं झाली, सात झाली. हेडमास्तरांनी घोडा उचलला आणि हातातच धरून ठेवला.

मग आवाज बदलला. संथ, लांब.

"काय झालं? बंद पडलं का?"

"चढलं," मी म्हटलं. "घोडा ठेवा खाली. तुमची चाल आहे."