तीन पाकळ्यांचा पेचकस

भाचा बिघडला, असा दाजींचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, पोरगं ऑनलाइन रमीत पैसे घालवून बसलं. बीड जिल्ह्यात बिघडायच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि त्या पालकांना पाठ आहेत. ह्यानं मात्र भलतीच काढली. "चार हजार रुपये देऊन जुना व्हिडिओ गेम घेतलाय," दाजी म्हणाले. "बरं, चालू नाही. बंद आहे. बंद आहे म्हणूनच घेतला म्हणतोय."

बंद पडलेला साखर कारखाना कुणी विकत घेतला तर आपल्याला समजतं. त्यात जमीन असते, मशिनरी असते, सभासद गप्प असतात. बंद गेम घेण्यामागचा हिशेब मात्र काही केल्या लागेना. म्हणून रविवारी एकसदस्यीय चौकशी समिती होऊन मीच गेलो. अहवाल वेळेत देतोय, हीच पहिली नवलाई.

पोरगं फरशीवर मांडी घालून बसलेलं. पुढ्यात ताईचा मसाल्याचा डबा. मोहरीच्या वाटीत सहा लांब स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत बारके, हळदीच्या वाटीत बटणं. आतून ताई विचारत होती की आज फोडणी कशाची देऊ.

"काय करायलास रे?"

"मॉड करायलोय मामा. हात लावू नका बरं."

मॉड म्हणजे, कंपनीनं जशी वस्तू दिली तशी न ठेवता ती खोलायची. पडदा, कवच, बटणं, बॅटरी, आवाज आपल्या मर्जीनं बदलायचं. ह्याच्या पुढ्यात होता तो गेम बॉय. मोठ्या साबणदाणीएवढा, कधीकाळी राखाडी, आता जुन्या धोतरासारखा पिवळट. २१ एप्रिल १९८९ ला जपानात विकायला आला. त्या वर्षी बीडात रेल्वे नव्हती. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली, आणि बीडच्या स्टेशनात गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे पोरगं ज्याला जुनाट म्हणतंय ते यंत्र आमच्या रेल्वेच्या मंजुरीपेक्षा सहा वर्षांनी थोरलं. मी मनातल्या मनात नमस्कार केला.

हा गेम बॉय काढणारी निन्टेंडो कंपनी क्योटोची. १८८९ साली तिनं धंदा सुरू केला तो पत्ते बनवायचा. हे कानावर पडताच सोफ्यावरून दाजी कडाडले, "म्हणजे मुळात पत्त्याचा क्लबच!"

त्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला गुनपेई योकोई नावाचा माणूस होता. फावल्या वेळात त्यानं स्वतःच्या करमणुकीसाठी लांब होणारा, दूरची वस्तू पकडणारा एक जाळीदार हात बनवला. मालकाच्या नजरेस पडला. आपल्याकडं अशा वेळी कारणे दाखवा नोटीस निघते. तिथल्या मालकानं तो हात खेळणं म्हणून बाजारात आणायला लावला. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' नावानं तो धडाक्यात खपला आणि योकोई देखभालीतून उठून खेळणी करायला बसला. पुढं गेम बॉय झाला तो त्याच्याच हाताखाली. त्याचं सूत्र एकच : नव्या, महागड्या तंत्रामागं धावू नका, जे मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्यात, ते नव्या जागी वापरा. लोणच्याचं शहाणपण आहे हे. म्हणून गेम बॉयला रंगीत पडदा नाही. चार छटा, चारही हिरवट. पडद्याला आतून उजेडही नाही. खिडकीपाशी बसून खेळायचं. पण चार पेन्सिल सेलांवर दहा-पंधरा तास सहज निघायचे. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीनं गेम गिअर आणला : रंगीत, उजेडाचा, देखणा. सहा सेल खायचा आणि चार-पाच तासांत मान टाकायचा. शेवटी खपला कोण? गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर गेले. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख होता. तान्ह्या लेकरासकट प्रत्येकाच्या हातात एकेक देऊन वर साठ लाख उरले असते.

ज्या जिल्ह्यात औष्णिक वीजकेंद्र आहे आणि तेच २०१५ साली पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, त्या जिल्ह्यानं तरी योकोईचा एक फोटो तहसिलात लावायला हरकत नाही. कमी विजेत जास्त वेळ कसं चालायचं, हे त्याच्याइतकं आमच्याशिवाय कुणाला कळणार?

तर स्क्रू. मागचे सहा लांब स्क्रू साध्या पेचकसानं फिरत नाहीत. त्यांच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच असते. कंपनीचा उघड निरोप : विकत घ्या, खेळा, आत डोकावू नका. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, ते बरंच झालं. पण हक्क पोर्टलवर आणि पेचकस कुरिअरमध्ये, असा प्रकार. पोरानं आठ दिवस वाट पाहिली. बीडात तो सुभाष रोडच्या मोबाइलवाल्यांकडं सहज मिळाला असता, कारण आयफोनच्या पोटातही तीन पाकळ्यांचे स्क्रू बसवलेले असतात. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. कसं, ते पुढं येईल.

गेम बॉय चालू केला तर पडदा लागत होता, पण मधल्या चार-पाच उभ्या ओळी गायब. उसाच्या फडात काही सऱ्या तशाच सोडून टोळी निघून जावी, तसं. पोरानं पडद्याच्या खालच्या कडेची रबराची बारीक पट्टी काढली. आत केसासारख्या तारांची चपटी फीत. गरम सोल्डरिंग आयर्न त्यानं त्या फितीवर अलगद टेकवलं आणि उजवीकडून डावीकडं नेलं. जास्त दाबलं तर फीत जळते, कमी दाबलं तर काही होत नाही. एक ओळ उमटली. पुन्हा फिरवलं, दुसरी. तिसरी येते-जाते करत होती, तिच्यावर तो जरा थांबला. ताई हातात उलथणं घेऊन मागं कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. खोलीत राळेचा वास पसरला आणि मला एकदम गल्लीतला कल्हईवाला आठवला : भाता, तापलेलं पातेलं, नवसागराचा धूर, कथलाची कांडी फिरली की काळ्या पितळेवर चांदीसारखी लाट. त्याच्याभोवती आम्ही पोरं तासन्‌तास बसायचो. तेव्हाही घरचे म्हणायचे, बिघडलीत.

शेवटची ओळ आली. पडदा अख्खा झाला. पोरगं नुसतं "हं" म्हणालं. एवढ्या कामावर आपल्याकडं उद्घाटन, फ्लेक्स, दोन गटांचे दोन वेगवेगळे सत्कार झाले असते.

इथंच थांबला असता तर मी त्याच्या बाजूनं अहवाल लिहिला असता. पण हा छंद एका जागी थांबत नाही. पडदा दुरुस्त झाला, आता तो काढून नवा झगझगीत बसवायचा म्हणाला. तो नवा पडदा जुन्या यंत्रापेक्षा महाग. तो वीज जास्त खातो, म्हणून सेल काढून चार्जिंगची बॅटरी. बॅटरी आली म्हणून मोबाइलच्या चार्जरचं भोक. भोक पाडायला कवच कापायचं, मग कापलेलं कवच बरं दिसत नाही म्हणून नवं कवच. तेही आरपार, आतलं सगळं दिसणारं. पारदर्शक कारभार एवढ्या स्वस्तात मी प्रथमच पाहिला. योकोईनं ज्या-ज्या ठिकाणी कंजुषी करून पोरांचे तास वाचवले, तिथं-तिथं ही पोरं हौसेनं उधळपट्टी करतात. शेवटी मूळचं काय राहणार, तर बोर्ड आणि पाठीवरचं स्टिकर.

"आणि मग खेळणार काय त्याच्यावर?" मी विचारलं.

पोरानं जरा विचार केला. "खेळायला येळ कुठंय मामा. दुसरा घेतलाय."

दाजींनी माझ्याकडं 'बघा' अशा नजरेनं पाहिलं. आता दाजींबद्दल. दाजींकडं बुलेट आहे. एमएच २३, नंबर ४१४१. आकडे असे वळवून रंगवलेत की वाचताना 'दादा' दिसतं. कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा टाकलाय, त्यामुळं आधी आवाज गल्लीत येतो, मागाहून दाजी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, हे दाजींना ठाऊक आहे. दोनदा पावती फाटलीये. हॉर्न बदललाय, हँडल बदललंय, सीट बदललंय, हेडलाइटवर देवाचं नाव आलंय. ब्रेक तेवढा कंपनीचाच, आणि तोही लागत नाही.

"दाजी, ही बुलेट म्हणजे मॉडच की."

"ती गाडी आहे भाऊ," दाजी म्हणाले. खटला संपला.

खरं सांगायचं तर ह्या जिल्ह्यात कंपनीनं दिलेली वस्तू तशीच वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय. दसरा झाला की इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बैलगाडीची लाकडी चाकं काढून रबरी टायर चढवले ते काय हौस म्हणून? टायरगाडी हे नाव आता इतकं रुळलं की बैलगाडी आधी कशी होती, हे नातवंडांना चित्रात दाखवावं लागेल. कोयता आणला की बाई त्याच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळते, तळहात सोलू नये म्हणून. कंपनीच्या भाषेत ह्याला पकड सुधारणं म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा, ही करामत मात्र मुकादमाच्या वहीतली. दोन माणसांचा एक आकडा करणारं इतकं बारीक मॉडिंग जपानलाही जमलं नाही.

पुढाऱ्यांचं काय सांगावं. कवच बदललं, रंग बदलला, पाठीवरचं स्टिकर बदललं; चालू केलं की तेच चार गेम. पोरगं निदान उलटं करतं. बोर्ड चांगला आहे ह्याची आधी खात्री करून घेतं.

दुपारी जेवताना दाजींनी मूळ मुद्दा काढला. पोराला लातूरला घालायचं. दोन वर्षं, 'नीट'चे क्लास, होस्टेल, मेस. आकडा त्यांनी आमटीत बोट बुडवून ताटाच्या काठावर लिहून दाखवला. तिथं म्हणे पहाटे उठवतात, रात्री बारापर्यंत बसवतात, मोबाइल काढून घेतात, दर रविवारी परीक्षा. दोन वर्षांनी पोरगं ओळखू येत नाही. मी म्हटलं, म्हणजे कवच हेच ठेवून आतला बोर्ड लातूरहून बदलून आणायचा. जुन्यातलं काही साठवलेलं असलं तर? दाजींना कळलं नाही. पोराला कळलं. त्यानं सकाळीच मला सांगितलं होतं की कॅसेटच्या आत बटणासारखा एक सेल असतो, पंधरा-वीस वर्षं खेळ आठवणीत ठेवतो. तो सेल काढला की आधीचं सगळं पुसलं जातं, आणि ते परत येत नाही. ते आठवून त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि भातावर आणखी आमटी घेतली.

संध्याकाळी दारावर एक माणूस आला. सुभाष रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणाला. "पोरगं हाय का घरी?" दाजींचा चेहरा पडला; उधारी असणार असं त्यांना वाटलं. माणसानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून मोबाइलचा हिरवा बोर्ड. एक बारीक रेघ तुटली होती, त्याच्या कारागिराचा हात थरथरत होता म्हणे. पोरानं पाट ओढला, भिंग डोळ्याला लावलं, केसाएवढी तार कापली. श्वास रोखून दोन डाग दिले. दहा मिनिटंही गेली नसतील. तो माणूस बघत होता ते बोर्डाकडं नव्हे, पोराच्या बोटांकडं. जाताना कोपऱ्यातला पेचकस बघून म्हणाला, "अरे, हा आमच्याकडं होता की. कुरिअर कशाला?" आणि तीनशे रुपये पाटावर ठेवून निघून गेला.

दाजी बराच वेळ त्या तीन नोटांकडं बघत राहिले. मग ओठ हलायला लागले. दहा मिनिटांचे तीनशे, म्हणजे तासाचे… दिवसाचे… ताईनं चहा आणला, तो थंड झाला.

मी निघालो तेव्हा दाजी फाटकापर्यंत सोडायला आले. बुलेटला टेकून उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"भाऊ, लातूरच्या होस्टेलात टेबलापाशी प्लग असतो का हो?"