नाकासमोरचा गृहस्थ

गाडीत पेट्रोलचा वास येतोय, एवढं कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये म्हणायचा अवकाश, हा गृहस्थ हजर. बर्म्युडा, गळ्यात दोरीचा चष्मा, आणि एके काळी प्रीमियर पद्मिनी सांभाळल्याचा अधिकार. बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय." समोरच्या गाडीला कार्बोरेटरच नसतो, नव्या गाड्यांमधून तो 2000 च्या सुमारास हद्दपार झाला. हे कुणी सांगितलंच, तर "तेच हो, त्याच्या जागी जे काय आलंय ते," म्हणून स्वारी पुढे सरकते. याला हसणं सोपं आहे. पण त्याचं अज्ञान हा खरा दोष नव्हे. नाक चांगलं असतं, तपासही तो मन लावून करतो. फक्त संशयितांच्या यादीत स्वतःला कधी धरत नाही.

आधी नाकाची बाजू घेऊ. पेट्रोलच्या वाफेचा भडका उडायला हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यावर जावं लागतं. नाकाला ती त्याच्या कितीतरी आधी कळते. तेव्हा वासाची तक्रार मनावर घेण्याजोगीच असते. पण तेच नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, आणि हा तर अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. एखादी क्लिप आवळून "बघा, गेला की नाही वास?" असं तो विजयाने विचारतो, तेव्हा वास तिथेच असतो, गेलेलं असतं ते नाक. खालची फरशी कोरडी, हा त्याचा दुसरा पुरावा. पण पेट्रोल बारीक झिरपत असेल तर थेंब पडण्याआधीच उडून जातं. मागे उरतो होजच्या टोकाशी धूळ धरलेला तपकिरी डाग. तो अंगठ्याने पुसून, अंगठा हुंगून, "काही नाही, जुनं ऑइल आहे," असं म्हणत गृहस्थ पुरावाच नष्ट करतो.

निदान फुकट तरी बघतो, गॅरेजवाला फ्युएल पंपापासून सगळं बदलायला लावेल, असं कुणी म्हणेल. असे गॅरेजवाले असतात, नाही असं नाही. पण चांगला मेकॅनिक हात लावण्याआधी विचारतो, वास येतो कधी? थंड गाडी सुरू करताना येत असेल तर इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि कडक झालेले होज बघायचे. मागच्या सीटवर जास्त येत असेल तर बऱ्याच गाड्यांत सीटखालीच पंपाचं सील असतं. आणि टाकी फुल केल्यावर येऊन एक-दोन दिवसांत विरत असेल, तर झाकणाचं रबर आणि चारकोल कॅनिस्टर. गृहस्थ हा प्रश्न विचारत नाही, कारण तिसऱ्या उत्तराचा माग त्याच्याच दारात येतो. पंपावर नोझल आपोआप कट झालं की "अजून बसव, राउंड फिगर कर" हे अर्ध्या सोसायटीला त्यानेच शिकवलेलं. कॅनिस्टर असतो टाकीतली वाफ शोषायला; गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतलं पेट्रोल त्यात शिरलं की तो वाफ धरेनासा होतो, आणि ती बाहेर पडते.

मग ॲव्हरेज काढायचं कसं, हा त्याचा बिनतोड सवाल. पहिल्या कटपासून पुढच्या पहिल्या कटपर्यंत मोजावं. होणारा फरक चार टाक्यांच्या सरासरीत जिरतो. त्याला हे पटत नाही. लवकर कट होणं ही पंपवाल्याची लबाडी, आणि वासाचं खापर 20 टक्के इथेनॉलवर. जुन्या गाडीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही, इथवर तो बरोबर आहे. पण इंजिनाकडचा होज झिरपत असता तर टाकी अर्धी असतानाही वास आला असता. खरं तर सगळी कागदपत्रं त्याच्याकडेच आहेत. डायरीत पुढून प्रत्येक फुल टाकीची तारीख, लिटर, किलोमीटर. मागून वासाच्या तक्रारी, त्याही तारखेनिशी. दोन्ही बाजू ताडून बघा म्हटलं, तर तो विचारतो, "ॲव्हरेजचा आणि वासाचा काय संबंध?"