सर बोलोन्यात

परदेशी परिषदेला निघालेले प्राध्यापक विमानतळावर लगेच ओळखू येतात. गळ्यात पाऊच, पाऊचमध्ये बोर्डिंग पास आणि तो जागेवर आहे ना, हे सारखा चाचपणारा हात. पासपोर्ट हरवला तर दूतावास आहे. बोर्डिंग पास हरवला तर टीए बिल कुठल्या तोंडानं लावायचं?

असे एक सर इटलीत बोलोन्याला पोचतात. निबंध निम्मा वाचून होतो न होतो तोच अध्यक्ष ‘वेळ संपली’ची चिठ्ठी सरकवतात. उरलेला निम्मा मग शहराला ऐकावा लागतो.

गाईडबाई अभिमानानं सांगतात, आमचं विद्यापीठ १०८८ सालचं. सर त्यांना थांबवतात. हे साल एकोणिसाव्या शतकात एका समितीनं ठरवलं, समितीचे प्रमुख कवी कार्दुच्ची, आणि १८८८ साली आठशेवा वाढदिवस थाटात झाला, हे सगळं ते वाचून आलेले असतात. बाईंना वाटतं, हे चूक काढताहेत. छे! सरांचा ऊर भरून आलेला असतो. आधी समारंभ, मग समिती, मग स्थापना. त्यांच्या कॉलेजातही कामाचा क्रम हाच आहे.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, आर्किजिन्नासिओमध्ये, शरीरशास्त्राचं जुनं लाकडी सभागृह आहे. मधोमध प्रेतं चिरायचं संगमरवरी टेबल, वर अध्यापकांचं आसन आणि त्यावरचं छत पेलून उभे असलेले, कातडी सोललेले दोन पुतळे. बाकीची मंडळी शहारतात. सर बराच वेळ बघून म्हणतात, “पीएच.डी.चे विद्यार्थी असावेत तर असे!”

आसिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच, पायऱ्या ४९८. पदवीआधी जो वर चढतो त्याला पदवी मिळत नाही, असं तिथले विद्यार्थी मानतात. सर अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतात, पण त्यांची डी.लिट. अजून व्हायची आहे. सुदैवानं शेजारच्या कललेल्या गारिसेंदा मनोऱ्याच्या काळजीनं २०२३ मध्ये हा मनोराही बंद झाला आणि सरांचा विवेकवाद शाबूत राहिला.

मग जेवण. सर घरी शाकाहारी आहेत. परिषदेत नाहीत. ते रुबाबात ‘स्पगेटी बोलोन्येझ’ मागवतात. वेटर म्हणतो, “ती लंडनला मिळते.” आणि समोर तालियातेल्ले आणून ठेवतो, मंद आचेवर तासन्‌तास शिजलेल्या खिम्याच्या रागूत घोळलेल्या अंड्याच्या पास्त्याच्या पट्ट्या. शिजलेल्या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर, हे १९७२ साली रीतसर नोंदवून सोन्याचा नमुना तिथल्या व्यापारी मंडळात ठेवला आहे. सर हेही वाचून आलेले. खिशातून फूटपट्टी निघते. एक पट्टी काट्यानं अलगद सोडवून ताटाच्या कडेला सरळ केली जाते. चष्मा वर जातो.

“साडेसात.”

रागू गार होत असतो, वेटर लाल. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही, म्हणून सर दुसरी प्लेट मागवतात. ती मोजायची मात्र राहून जाते.

बिलात ‘कोपेर्तो’ नावाची एक ओळ असते. माणशी, नुसतं टेबलावर बसल्याचे पैसे. हे टीएच्या कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं? सर वेटरला जवळ बोलावतात आणि अत्यंत अदबीनं विचारतात, “एवढं ‘नोंदणी शुल्क’ म्हणून लिहून द्याल का? आणि खाली शिक्का.”