स्ट्रटच्या माथ्यावरील मधल्या नटास अनावृत पत्र

प्रति,
मधला नट,
पुढील डावा स्ट्रट, बॉनेटखाली, प्लॅस्टिकच्या टोपीआड.

विषय: गळका स्ट्रट घरच्या घरी बदलताना सदर नटास हात न लावण्याबाबत.

स्ट्रट गळतो तो सदर नटाच्या दोषामुळे नव्हे, हे आरंभीच नमूद करण्यात येते. स्ट्रट, म्हणजे गॅरेजच्या बोलीत शॉकअप, ही तेल भरलेली नळी असते. तिच्यात एक दांडा वरखाली होतो आणि दोहोंभोवती जाड स्प्रिंग असते. खड्ड्याचा हिसका स्प्रिंग झेलते, पण नंतर ती उड्या मारत राहू नये म्हणून दांड्याच्या टोकाचा पिस्टन तेलाला बारीक झडपांतून ढकलतो आणि उड्यांची ताकद उष्णतेत विरते. दांडा बाहेर येतो तिथे सील असते. वरचे धूळरोधक कव्हर फाटले की चिखलातले खडे चकचकीत दांड्यावर ओरखडे काढतात, ओरखडे सील खरवडतात आणि तेल वाट काढते. सीलपाशी नुसता ओलसर थर दिसणे हा रोग नव्हे. नळीवरून खालपर्यंत उतरलेला, धूळ धरून काळा पडलेला ओघळ हा रोग.

तेल गेले तरी गाडी खचत नाही, कारण वजन स्प्रिंगवर असते. म्हणूनच मालक दोन पावसाळे ‘चालतंय की’ म्हणत काढतो. दरम्यान ब्रेक दाबताच गाडी नाक खाली घालते, चाक रस्त्यावर थयथयते, टायरवर जागोजागी खळगे पडतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

सदर नटाचे कूळ थोर आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवून तो खांबच चाकाचा आधार केला. १९५० साली ब्रिटनमध्ये लोकांसमोर आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ही रचना होती. जागा वाचली, सुटे भाग कमी झाले आणि पुढे छोट्या हॅचबॅकच्या पोटात आडवे इंजिन बसवणे सोपे गेले. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाके याच खांबांवर उभी असतात. सोयीची किंमत एवढीच, की दाबलेली स्प्रिंग जागेवर धरून ठेवण्याचे काम माथ्यावरच्या एका नटाकडे आले.

मधोमध उभे राहण्याची हौस नटमंडळींना असतेच, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. बॉनेट उघडून टोपी काढली की नवशिक्याची नजर प्रथम मधल्या नटावर जाते. खरे तर स्ट्रट गाडीला धरलेला असतो भोवतालच्या दोन-तीन छोट्या नटांनी. मधला नट गाडीला नव्हे, स्प्रिंगला धरतो. ९०० किलोंच्या हॅचबॅकमध्ये पुढच्या एकेका चाकावर अडीचशे किलोंच्या आसपास भार येतो. चाक हवेत लोंबकळत असले तरी ही स्प्रिंग पुरती मोकळी होत नाही. अशा वेळी सदर नट सुटला, तर माउंट (माथ्यावरची बैठक), वायसर आणि खुद्द नट यांची दिशा कोणालाच सांगता येणार नाही. बॉनेटवर वाकून बघणाऱ्याचे तोंड मात्र नेमके त्या दिशेला असते.

सबब काम पुढील क्रमाने व्हावे. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके. चाकाचे नट जॅक लावण्याआधीच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर तिच्याखाली स्टँड ठेवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालणाऱ्यास शूर म्हणत नाहीत, दुसरे काहीतरी म्हणतात. चाक काढून ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि लिंक रॉड स्ट्रटपासून सोडवावेत. खालच्या दोन मोठ्या बोल्टांवर, बहुधा १७ किंवा १९ नंबरच्या, आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारलेले असावे. ते काढण्यापूर्वी त्यांच्या जागेची खूण रंगाने करावी. बोल्ट निघताच नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, बाहेर कलते, म्हणून ती तारेने बांधून ठेवावी. नाहीतर ब्रेकची नळी ताणली जाते किंवा ड्राइव्हशाफ्टचा सांधा आतून निसटतो. मग वरचे छोटे नट, शेवटचा सोडताना खालून स्ट्रट धरून. मधल्याकडे अजूनही बघू नये.

स्ट्रट हातात आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या दोन कड्या समोरासमोर लावून आळीपाळीने आवळल्या आणि स्प्रिंग बैठकीतून सैल झाली, तरच सदर नटाची सेवा समाप्त करता येते. दोरी, तार किंवा मित्राचा गुडघा हे पर्याय नव्हेत. हत्यार नसेल तर सगळा खांब नव्या शॉकअपसह रिक्षात घालून गॅरेजमध्ये न्यावा आणि जुनी स्प्रिंग तेवढी नव्यावर चढवून आणावी. यात कमीपणा नाही. मिळत असेल तर स्प्रिंगसकट जोडलेला तयार खांब घेणे त्याहून बरे.

नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा दाबून सोडावा, म्हणजे आतली हवा वर जाते. दांडा पक्कडीने धरू नये, तसे केल्यास पहिल्याच दिवशी नव्या गळतीची सोय होते. माउंटचे बेअरिंग खरखरत असेल, कव्हर किंवा बंप स्टॉप चुरला असेल, तर तेही आत्ताच बदलावेत. स्प्रिंगचे टोक बैठकीतल्या खाचेत टेकलेले हवे. कॉम्प्रेसर काढण्यापूर्वी मधला नट गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावा. बाकी जोडणी उलट क्रमाने, खालचे बोल्ट खुणेवर. चाकाचे नट गाडी खाली उतरवल्यावर पक्के करावेत. खूण केली असली तरी अलाइनमेंट करून घ्यावीच, कारण या रचनेत चाकाचा कल त्या दोन बोल्टांवरही ठरतो.

सही/-
(वाचता येत नाही, ग्रीस लागले आहे)

प्रत माहितीस्तव: मधला नट, पुढील उजवा स्ट्रट. शॉकअप जोडीनेच बदलायचे असल्याने वरील सर्व मजकूर त्यांनाही लागू.